काळा पडलेला करदोडा

आमच्या पीएम (पोस्टमॉर्टेम) रूममधल्या मदतनीस मामांनी एका बॉडीवरच्या करदोड्याचा फासा काढायला हात लावला आणि तिथंच थांबले. मला म्हणाले, "मॅडम, हे बघा. बाहेर त्याचा भाऊ सांगत होता, दिवाळीलाच हुपरीच्या चांदीवाल्याकडनं करून घेतलाय म्हणून. हे तर लोखंडागत काळं झालंय." मी वाकून बघितलं तर खरंच, साखळी पूर्ण काळी, त्यावर निळसर झाक, पण चड्डीच्या इलॅस्टिकखाली जेवढी दाबून बसली होती तेवढी दोन बोटं चांदी अजून पांढरीशुभ्र. तो दोन बोटं पांढरा पट्टा मला अजून आठवतो, कारण त्या केसमधलं सगळं उत्तर तिथंच होतं आणि मी तोपर्यंत दुसरीकडंच शोधत होते.

बरीच वर्षं झाली याला. मी फॉरेन्सिकला नुकतीच लागले होते. करवीर तालुक्यातलं एक गाव, नाव सांगत नाही. गोबरगॅसची जुनी टाकी, गॅस कमी यायला लागला म्हणून तळातला गाळ काढायचं ठरलं. झाकण काढून दोन दिवस उघडं ठेवलं होतं, वासही कमी झाला होता, म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी पोरगा शिडीनं आत उतरला. वीस-बावीसचा असेल. त्याचा आवाज येईना म्हणून बाप उतरला. बापही वर येईना म्हणून शेजारचा एक जण तोंडाला ओला टॉवेल बांधून उतरला. तिघंही गेले. करदोडा त्या शेजाऱ्याचा.

पोलिसांनी एडी, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल केली, पंचनामा केला, आणि बॉड्यांबरोबर आलेले हवालदार मला ठामपणे म्हणाले, "मॅडम, करंटच हाय, आत मोटर होती." मोटर होती हे खरं, गाळ ढवळून उपसायला सोडलेली. तोवर बाहेर दुसरीच कुजबुज सुरू झालेली, भावकीत बांधावरनं भांडण चाललेलं, पोराच्या डोक्याला जखम आहे, कुणीतरी ढकललं असणार, नाहीतर चहातनं काहीतरी घातलं असणार. म्हणजे माझ्यासमोर तीन बॉड्या आणि चार कहाण्या, करंट, मारहाण, विष, गाळात बुडणं, आणि गॅस हे पाचवं कारण बाहेर कुणाच्याच तोंडात नव्हतं कारण "झाकण तर दोन दिवस उघडं होतं की".

आता करदोडा काळा का पडला ते सांगते. हुपरीत जे दागिने "ऑक्सिडाइज" म्हणून विकतात ना, काळपट, जुने वाटणारे, त्यात ऑक्सिजनचा काही संबंध नसतो, तो काळा थर सिल्व्हर सल्फाइडचा असतो, कारागीर चांदीला गंधकाच्या पाण्यात बुडवून तो मुद्दाम आणतात. टाकीत तेच काम हायड्रोजन सल्फाइडनं केलं, सडक्या अंड्याचा वास येतो तो गॅस. शेण, मैला, मळी, कुठलाही सेंद्रिय माल हवा न लागता कुजला की हा तयार होतो. खिशातली नाणी, अंगठी, जोडवी यांच्यावर असा काळेपणा आला की शरीर उघडायच्या आधीच एक दिशा मिळते. म्हणून मी आता विद्यार्थ्यांना सांगते, कपडे आणि दागिने आधी बघा, फोटो काढा, मगच धुवा. आपल्याकडं बॉडी नातेवाईकांना बरी दिसावी म्हणून कुणीतरी आधीच पाणी मारून ठेवतं, भावना कळते, पण त्यात पुरावा जातो.

या गॅसची खोड अशी की थोडा असताना वास भयंकर येतो आणि जास्त झाला की वास येणंच बंद होतं. साधारण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) पुढं नाकाची वास घ्यायची नस बधिर होते. माणसाला वाटतं गॅस गेला, आता उतरायला हरकत नाही. ५०० ते ७०० च्या पुढं माणूस बेशुद्ध पडतो, १००० च्या आसपास एक-दोन श्वासात जागेवर कोसळतो, ओरडायलाही वेळ मिळत नाही. आणि दोन दिवस झाकण उघडं असूनही हे कसं झालं, तर वरचा गॅस गेला होता पण गाळाच्या आत अडकलेला तसाच होता, पोरानं फावड्यानं गाळ हलवला आणि तो एकदम बाहेर आला. सोडावॉटरची बाटली हलवून उघडावी तसं. हे मला कुठल्या रिपोर्टनं सांगितलं नाही, फावडं गाळात अर्धं रुतलेलं होतं आणि पंचनाम्यात एका ओळीत ते लिहिलेलं होतं, त्या ओळीवरनं कळलं.

तरी करदोड्यावरच थांबून चालत नाही. पोराच्या डोक्याची जखम टाकीच्या कडेवर आपटून झालेली, खाली कवटीला काही नाही, मेंदूत रक्तस्राव नाही. करंटचे डाग नव्हते, पण ओल्या अंगावर ते उमटत नाहीत म्हणून तेवढ्यावर करंट नाही म्हणता येत नाही, मोटरची तपासणी विद्युत निरीक्षकाकडून करून घ्यावी लागली, मोटर चांगली निघाली. बाप आणि पोरगा दोघांच्या श्वासनलिकेत पार आतल्या फांद्यांपर्यंत शेणाचा गाळ होता. याचा अर्थ पडले तेव्हा श्वास चालू होता, बेशुद्ध होऊन तोंडावर पडले आणि तो गाळ आत ओढला गेला. शेजाऱ्याच्या नलिकेत फारसं काही नाही, तो शिडीला अडकून अर्धवट बसलेल्या अवस्थेत सापडला होता. तिघांचीही फुप्फुसं पाण्यानं जड, आणि मेंदू कापला तेव्हा राखाडी भागावर हिरवट छटा. हिरवटपणा कुजण्यानंही येतो म्हणून त्याची भीती असते, पण या बॉड्या चार-पाच तासांच्याच होत्या.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती. आपल्याकडं पीएम झालं की "व्हिसेरा राखून ठेवला" असं लिहायची पद्धत आहे. जठर, आतडं, लिव्हर, किडनी, बरणीत मिठाच्या दाट पाण्यात घालून लॅबला पाठवायचं. काही महिन्यांनी रिपोर्ट येतो, "विष आढळले नाही". गावात अर्थ निघतो, बघा, काहीच सापडलं नाही, मग लपवलंय कुणीतरी. अहो पण मिठाच्या पाण्यातल्या लिव्हरमध्ये गॅस सापडणारच कसा? जे पाठवलंच नाही ते लॅब शोधणार कुठून? गॅसचा संशय असेल तर रक्त काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरायचं, वर हवा राहता कामा नये, सोडियम फ्लोराइड घालायचं, बूच घट्ट, लगेच थंडीत ठेवायचं. फुप्फुसाचा तुकडा मुळाशी बांधून हवाबंद डब्यात, साध्या प्लास्टिक पिशवीत नाही कारण त्यातनं वायू निसटतो. लघवीही घ्यायची. आणि फॉर्मवर स्पष्ट मागायचं की थायोसल्फेट तपासा, कार्बन मोनॉक्साइड तपासा. हायड्रोजन सल्फाइड स्वतः रक्तात फार वेळ टिकत नाही, शिवाय बॉडी कुजायला लागली की शरीर स्वतःच तो तयार करतं, म्हणून त्याच्यापासून बनणारं थायोसल्फेट बघतात. रक्तात आहे पण लघवीत नाही असं आलं तर माणूस झटक्यात गेलेला, दोन्हीकडं आलं तर काही काळ जिवंत होता. हा फरक कुणाला किरकोळ वाटेल, पण बाप आधी गेला की पोरगा, यावर वारसाहक्क आणि विम्याची भांडणं वर्षानुवर्षं चालतात.

त्या केसमध्ये मी रक्त वेगळं घेतलं ते मामांमुळं. नाहीतर मीही बरणी भरून मोकळी झाले असते, हे मला कबूल आहे, आणि ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

दुसरी गोष्ट शहरातली, बाथरूममधली. लग्नाला सात वर्षांच्या आत बाई गेली की चौकशी मॅजिस्ट्रेटसमोर होते, पीएमला दोन डॉक्टर लागतात, आणि बाहेर माहेरचे-सासरचे दोन घोळके उभे असतात. ही मुलगी लग्न होऊन आठच महिने झालेली. बाथरूमचा दरवाजा आतनं बंद, नळ चालू, बादली भरून वाहत होती, सासूनं हाका मारल्या, शेवटी दार तोडलं. माहेरच्यांचा आरोप सरळ होता, मारून आत टाकलीय. नवऱ्याला पोलिसांनी बसवून ठेवलेला.

अंगावर पाठीला जिथं रक्त साकळतं तिथले डाग जांभळे असायला हवेत, ते लालचुटूक गुलाबी होते, कार्बन मोनॉक्साइडनं गेलेल्यांचे असतात तसे. पुस्तकात याला चेरीसारखं म्हणतात, आपल्याकडं चेरी कुणी रोज बघत नाही, मी विद्यार्थ्यांना डाळिंबाच्या दाण्याची उपमा देते. पण इथंही घाई करून चालत नाही कारण रात्रभर कोल्ड स्टोरेजला ठेवलेल्या बॉडीचे डागही गुलाबी होतात, सायनाइडनंही होतात. म्हणून आधी एक जुनी, साधी टेस्ट केली, टेबलावरच होते. दोन परीक्षानळ्यांत पाणी, एकात या मुलीच्या रक्ताचे काही थेंब, दुसरीत दुसऱ्या एका बॉडीचं साधं रक्त, दोन्हीत सोडियम हायड्रॉक्साइड. साधं रक्त बघता बघता तपकिरी-हिरवट झालं, शेवाळलेल्या पाण्यासारखं. तिचं गुलाबीच राहिलं. मॅजिस्ट्रेट म्हणून आलेले तहसीलदार बाजूला उभे होते, त्यांना नळ्या हातात दिल्या, ते काही बोलले नाहीत, नुसते दोन्ही उजेडाला धरून बघत राहिले. पुढं लॅबचं आलं, कार्बॉक्सीहिमोग्लोबिन, म्हणजे मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन, ६० टक्क्यांच्या वर.

कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट धरतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. घरोघरी लोक म्हणतात वास आला नाही म्हणजे गॅस लीक नव्हता. बरोबर आहे, लीक नव्हताच. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम मिसळलेला असतो, पण इथं बाथरूममधल्या गिझरचा गॅस नीट जळत होता, जळताना छोट्या बाथरूममधला ऑक्सिजन संपत आला आणि मग अर्धवट जळून हा दुसरा वायू तयार व्हायला लागला.

पण रक्तातला आकडा फक्त एवढंच सांगतो की मोनॉक्साइडनं गेली. तो आला कुठनं हे बाथरूमच सांगणार. म्हणून पोलिसांना घेऊन जागेवर गेले. चार बाय सहाची जागा, गिझर आतच भिंतीला, आणि व्हेंटिलेटरच्या फटीत थर्माकोलचा तुकडा घट्ट बसवलेला, थंडीत वारं येतंय म्हणून. एमआयडीसीतल्या ओळखीच्या सेफ्टी ऑफिसरकडनं मोनॉक्साइड मोजायचा मीटर मागून आणलेला. गिझर चालू केला, गरम पाणी सोडलं, मीटर छातीच्या उंचीला टांगला, दार ओढून घेतलं, आम्ही सगळे बाहेर. मीटरचा अलार्म ३५ पीपीएमला लावलेला होता, चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात तो दाराच्या आतनं ओरडायला लागला. मग थर्माकोल काढून, सगळं मोकळं करून परत केलं, तेव्हा बराच वेळ गप्प राहिला. मुलीचे वडील बाहेर पायरीवर बसलेले, त्यांना आवाज ऐकू येत होता. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. त्यांनी विचारलं, "तिला त्रास झाला असंल का हो?" मी सांगितलं, डोकं दुखलं असेल, चक्कर आली असेल, मग झोप. हे खरंच आहे, त्यांच्या समाधानासाठी मी बनवून सांगितलं नाही.

गॅसचा गिझर बाथरूमच्या आत बसवू नका हो. बाहेर बसवा, पाइप आत घ्या. एवढं एक वाक्य कुणी वाचलं तरी चालेल.

माणूस स्फोटानं गेला, बुडून गेला, की हवेनं, हा प्रश्न जुनाच आहे. १८९६ साली वेल्समधल्या टायलर्सटाऊनच्या कोळसा खाणीत स्फोट झाला, तेव्हा हाल्डेन नावाच्या शास्त्रज्ञानं तिथल्या बॉड्या तपासल्या आणि दाखवलं की बहुतेक जण स्फोटाच्या तडाख्यानं गेलेच नव्हते, नंतर पसरलेल्या मोनॉक्साइडनं गेले होते. खाणीत छोटे पक्षी घेऊन जायची पद्धत त्याच्याच सांगण्यावरनं रुळली. आपल्याकडं विहिरीत कंदील सोडून बघायची रीत होती. माझे आजोबा करायचे, कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड, पडक्या विहिरीच्या तळाशी पाण्यासारखा साचतो, ऑक्सिजन खाली गेला की ज्योत विझते, तेवढ्यापुरती ती रीत बरोबर होती. पण ज्योत विझायच्या कितीतरी आधी माणूस मारायला हायड्रोजन सल्फाइड किंवा मोनॉक्साइड पुरेसा असतो, आणि खाली मिथेन असेल तर हवेत ५ ते १५ टक्क्यांच्या मध्ये तो कंदिलानंच पेटतो. विहिरीतल्या कट्ट्यावर डिझेल इंजिन ठेवून पाणी उपसायचे त्या काळातल्या केसेस मला जुन्या डॉक्टरांनी सांगितल्यात, इंजिन धूर आत सोडतंय, कंदील मस्त जळतोय आणि माणूस खाली झोपलेला.

सगळ्यात अवघड केस असते ती काहीच न सापडणारी. फाउंड्री, वेल्डिंगच्या ठिकाणी आर्गॉन, नायट्रोजन वापरतात. हे वायू विषारी नाहीत, फक्त ऑक्सिजनची जागा घेतात. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, तो सहाच्या खाली गेला की मिनिटभरात खेळ संपतो. बॉडीत मग काय दिसतं, फुप्फुस जड, रक्त पातळ, डोळ्यात एखादा बारीक लाल ठिपका, जे हार्ट अटॅकमध्येही दिसू शकतं. बंद लोखंडी टाकी नुसती आतनं गंजली तरी गंज ऑक्सिजन खातो, तिथं तर बाहेरचा कुठला गॅसही नसतो. अशा वेळी पीएम रिपोर्टमध्ये "कारण राखून ठेवले" लिहून मोकळं व्हायचं की स्वतः जाऊन व्हॉल्व्ह, पाइप, सिलिंडर बघायचं, हे डॉक्टरवर असतं. माझं मत पक्कं आहे, जावं. कायद्यानं बांधलेलं नसलं तरी जावं.

एका शब्दानं काय होतं ते ड्रेनेजच्या केसमध्ये दिसतं. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात, सेप्टिक टाकीत उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि २० ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरनं ३० लाख केली. आता रिपोर्टवर मी नुसतं "बुडून मृत्यू" लिहिलं की ठेकेदार म्हणायला मोकळा, पाय घसरून पडला, कामाला मी लावलंच नव्हतं. बुडाला खरा, पण गॅसनं बेशुद्ध होऊन बुडाला, हे दोन्ही लिहिलं पाहिजे, क्रमानं लिहिलं पाहिजे. त्या घरातली बाई ती एक ओळ घेऊन पुढं दहा ऑफिसं फिरणार असते.

आणि तो ओला टॉवेल. त्याचा मला फार राग येतो, टॉवेलचा नाही, आपण पोरांना हे शिकवत नाही याचा. ओलं फडकं धूळ अडवतं, वायू अडवत नाही आणि ऑक्सिजन तर तयार करतच नाही. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार सुरक्षेच्या संस्थेनं १९८६ साली लिहून ठेवलंय की बंदिस्त जागेत मरणाऱ्यांत ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले असतात. मी ते वाचलं तेव्हा मला लगेच तो शेजारी डोळ्यासमोर आला. त्याचं त्या टाकीशी काही घेणंदेणं नव्हतं, तो सकाळी दूध घालायला निघाला होता, दुधाचं कॅन रस्त्यावर ठेवून धावला. पंचनाम्यात त्या कॅनचीही नोंद आहे, "दुधाने भरलेले".

त्याचा भाऊ पुढं रिपोर्टची कॉपी घ्यायला तीन-चारदा आला. मुद्देमाल सुटल्यावर करदोडाही त्यालाच मिळाला. मी म्हटलं, हुपरीत दिला तर पॉलिशनं पांढरा होईल परत. म्हणाला, "वहिनी नको म्हणतीया, असूदे तसाच."

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. माझा नंबर इतकी वर्षं ठेवलेला. गावात दुसऱ्या एकाची टाकी साफ करायची होती, पोरं उतरायच्या तयारीत होती, यानं अडवून धरलेली. मला विचारलं, "मॅडम, झाकण किती तास उघडं ठिवलं म्हंजे चालतंय?" मी म्हटलं, तास सांगता येत नाहीत, गॅस आणि ऑक्सिजन मोजायचा मीटर मिळतो का बघा, आणि मीटर हातात धरून वरनं बघू नका, दोरीनं तळापर्यंत सोडा, थांबा, मग गाळ बांबूनं हलवून परत बघा. कारखान्यातल्या कुणाकडनं तरी त्यांनी तो मिळवला. रात्रभर झाकण उघडं ठेवून सकाळी बघितलं आणि तिथनंच परत फोन केला, मागं गलका ऐकू येत होता.

"मॅडम, वर ऑक्सिजन २०.८ दाखवतंय. खाली सोडला की १४. आणि बांबू घातल्यावर त्यो वरडायला लागलाय, थांबंनाच झालाय."

मी म्हटलं, पोरं कुठायत? म्हणाला, हितंच, माझ्या मागं उभी हायत, दोघांच्या दंडाला धरलंय मी. दुपारी सक्शनचा टँकर बोलावला, वरनं पाणी मारून, पाइप टाकून सगळा गाळ ओढून घेतला. खाली कुणी उतरलं नाही.